आमची गाडी ओढेना

आमच्या घरी मोटार आली ती जुनीच आली. आम्ही तिचे तिसरे धनी. पहिल्या दोघांनी तिला कसे वागविले हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु शिक्षकाच्या पगाराला परवडणारी, घरची पाच माणसे दाटीवाटीने सामावून घेणारी आणि सकाळी पहिल्या हाकेला ओ देणारी अशी ती असल्यामुळे थोड्याच दिवसांत आम्ही तिला घरातील माणूस मानू लागलो. आम्ही राहतो वाघोडियास आणि शिकवितो वडोदऱ्यास. मध्ये वीसएक किलोमीटरचा रस्ता. या रस्त्यावर जी. आय. डी. सी.तील कारखान्यांचे ट्रक असतात, लिमड्याच्या बाजूच्या महाविद्यालयांच्या बसगाड्या असतात, कापसाने फुगलेले ट्रॅक्टर असतात आणि या सर्वांच्या मधून वाट काढणारे आमच्यासारखे लहान जीवही असतात.

अशा रस्त्यावर गाडीला वेग किती आहे यापेक्षा तो किती लवकर घेता येतो, याला महत्त्व असते. बाजूच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर शिरताना मागून ट्रक येत असावा आणि आपण अॅक्सिलरेटर दाबताच गाडीने दोन-तीन क्षणांत पुढे सरकावे, एवढीच अपेक्षा असते. गॅरेजच्या भाषेत यालाच पिकअप म्हणतात. तो आहे तोवर त्याची आठवणही होत नाही. तो जातो, तेव्हा मागच्या ट्रकचा भोंगा त्याची आठवण करून देतो.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या गाडीचा पिकअप गेला. एकदम गेला असता तर बरे झाले असते. तो कर्जासारखा हळूहळू अंगावर आला. प्रथम वाटले, आज वारा समोरून असेल. मग वाटले, टायरांत हवा कमी असेल. हवा भरली, ती खरोखरच थोडी कमी होती, त्यामुळे दोन दिवस समाधान वाटले. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा पूर्वपदावर. ज्या गिअरमध्ये ती पूर्वी आनंदाने धावे, त्याच गिअरमध्ये आता कुंथू लागली. पेट्रोलही जास्त खाऊ लागली. एका लिटरला सोळा-सतरा किलोमीटर जाणारी गाडी तेरावर आली. गाडीला बरे नाही हे आमच्या वहीतील हिशेबाने आमच्या आधी ओळखले होते. आम्ही मात्र हिशेब लिहीत होतो, वाचीत नव्हतो.

डिसेंबरातील एका रविवारी मुलांना घेऊन आम्ही पावागडास निघालो. वाघोडियाहून जरोदला जावे, तेथून हालोलच्या रस्त्याला लागावे आणि चांपानेरचे कोट उजाडलेल्या उन्हात पाहत माचीचा चढ चढावा, हा आमचा दरवर्षीचा कार्यक्रम. त्या दिवशी माचीचा चढ आमच्या गाडीला हिमालय झाला. दुसऱ्या गिअरमध्ये ती दमली, पहिल्यात रडली. एक म्हातारा यात्रेकरू काठी टेकीत आमच्या बरोबरीने बराच वेळ चालला आणि शेवटी सहानुभूतीने आमच्याकडे पाहून पुढे गेला. तेवढ्यात मागच्या बाजूने करपल्याचा वास आला. आमच्या घरी बोलणे कोकणीत चालते. सौ. म्हणाल्या, “कितें तरी जळटा!” आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, की क्लच जळत आहे. हे आम्ही कोठेतरी ऐकले होते. वास मागून येत होता आणि क्लच पुढे असतो, ही गोष्ट त्या वेळी आमच्या ध्यानात आली नाही. एकदा कारण ठरविले की विरुद्ध पुरावा समोर उभा राहिला तरी माणसाला दिसत नाही, याचा तो उत्तम नमुना होता.

सोमवारी शाळेच्या शिक्षक-खोलीत आम्ही हकीकत सांगितली आणि मधल्या सुट्टीत आमच्या गाडीवर वैद्यमंडळ बसले. एक सर म्हणाले, पेट्रोलात भेसळ असेल. दुसरे म्हणाले, प्लग गेले. चित्रकलेच्या बाईंनी विचारले, गाडी धुतली होती का? ज्यांनी आयुष्यात सायकलखेरीज काही चालविले नाही, अशा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सर्वांत ठाम निर्णय दिला : “इंजिन बसले. विकून टाका.” निदान जितके गंभीर तितके ते खरे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. आम्हीही घरी जाऊन गाडीच्या किमतीचा अंदाज काढू लागलो.

तरी विकण्यापूर्वी उपचार करावे म्हणून प्रथम एअर फिल्टर बदलला. यात आमची अगदीच चूक नव्हती. इंजिनाला पेट्रोल लागते हे सर्व जाणतात. पण त्याला हवा किती लागते हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. एक किलो पेट्रोल नीट जाळावयास साधारण पंधरा किलो हवा लागते. आकारमानाने पाहिले तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! म्हणजे इंजिन हे पेट्रोल पिणारे यंत्र असले तरी त्याचा मुख्य आहार हवा हाच आहे. ही सारी हवा कागदाच्या एका घडीदार गाळणीतून आत जाते. वाघोडियाच्या धुळीने ती गाळणी बुजली म्हणजे इंजिनाचा श्वास कोंडतो. आमचा फिल्टर काढला तेव्हा तो घरात वापरून झालेल्या पायपुसण्यासारखा दिसत होता. नवा बसविला. गाडी किंचित हलकी झाली, पण तिची मूळची चाल काही परत आली नाही. मग स्पार्क प्लग बदलले. फरक पडला नाही. मग एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथे गाडीला संगणकाचे यंत्र जोडण्यात आले. यंत्राने सांगितले, दोष नाही. तेथील तरुणाने पडद्याकडे बोट दाखवून म्हटले, “सर, सगळे नॉर्मल आहे. गाडीचे वयच झाले आहे.” त्याने इंजिन उतरवून पाहण्याचा खर्च सांगितला. तो ऐकून आमचेच इंजिन क्षणभर बंद पडले.

म्हणतात ना, दुखणे रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! आम्ही दीड महिना पखालीला इंजेक्शने देत होतो. हे आम्हांस कळले ते वाघोडियातीलच एका लहानशा गॅरेजात.

हे गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड. बाहेर कडुलिंब, आत तेलाने काळी झालेली जमीन. चालविणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, गुजराती भाषिक. आम्ही त्यांना काका म्हणतो. आम्ही गाडीतून उतरताच सारा इतिहास सांगावयास सुरुवात केली : हवा, फिल्टर, प्लग, संगणक, इंजिन उतरविण्याचा सल्ला. काकांनी हात पुसता पुसता सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला : “साहेब, क्यारथी?”

केव्हापासून?

आम्ही थबकलो. इतक्या जणांनी इतके सल्ले दिले, पण हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. आम्ही स्वतःलाही विचारला नव्हता. आठवून सांगितले, “दिवाळीच्या सुट्टीनंतर.”

“सुट्टीत गाडी कोठे होती?”

“येथेच, घरासमोर. आम्ही तीन आठवडे गोव्यास गेलो होतो.”

“त्या आधी पुरात सापडली होती?”

आता मात्र आम्ही चकित झालो. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस, गोकुळाष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीला आलेला पूर वडोदऱ्याचे लोक इतक्यात विसरणार नाहीत. ज्या पावागडाच्या डोंगरात ही नदी उगम पावते, त्याच डोंगराचे पाणी शहराच्या घराघरांत शिरले होते. त्या दिवशी आम्ही शहरात एका आप्तांकडे होतो आणि दोन दिवस तेथेच अडकून पडलो. गाडी गल्लीत उभी होती. तिची चाके अर्ध्याहून अधिक बुडाली, पण पाणी इंजिनापर्यंत पोचले नाही. शेजारच्या मोटारी क्रेनने ओढून नेल्या जात असता आमची गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, तेव्हा आम्ही देवापुढे नारळ फोडला होता. हे सारे काकांना सांगितले. त्यांनी मान हलविली आणि पुढचा प्रश्न केला, “सुट्टीला जाताना हँडब्रेक ओढून ठेवला होता?”

“अर्थात!” आम्ही अभिमानाने म्हणालो. नियम पाळण्यात शिक्षक कधी चुकत नाही.

काका हसले. पण त्यांनी लगेच निकाल दिला नाही. विद्यार्थिमित्रहो, काकांची ही गोष्ट आम्हांस फार आवडली. त्यांच्या मनात संशय आला होता. तरीही तो पारखून घेतल्यावाचून त्यांनी पाना उचलला नाही. ते म्हणाले, गाडी ओढत नसेल तर तीनच गोष्टी असू शकतात. एक तर इंजिनात ताकदच तयार होत नाही. नाही तर ताकद तयार होते, पण चाकांपर्यंत पोचत नाही. किंवा ताकद चाकांपर्यंतही पोचते, पण चाकाला कोणीतरी मागे धरून ठेवले आहे. प्रथम या तिन्हींपैकी कोणते घर ते शोधायचे. मग त्या घरात चोर शोधायचा.

आम्ही तर्कशास्त्राचे पुस्तक महाविद्यालयात वाचले होते. ते इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या तेलकट हातांनी शिकविलेले प्रथमच पाहिले.

पहिली परीक्षा इंजिनाची. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून काकांनी अॅक्सिलरेटर दाबला. आवाज अडखळला नाही, सलग चढला. मागे जाऊन धूर पाहिला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे तेल जळते आहे. येथे दोन्हीही नव्हते. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून त्यांनी हवेचा जोर पाहिला. कारण श्वास आत घेण्याची वाट जशी बुजते तशी सोडण्याचीही बुजते. जोर चांगला होता. “एंजिन तो सारुं छे,” ते म्हणाले. इंजिन उत्तम आहे! ज्याला आमच्या शिक्षक-खोलीने मूठमाती दिली होती, ते इंजिन निर्दोष सुटले.

दुसरी परीक्षा क्लचची. इंजिनाची ताकद गिअरकडे नेणारा दुवा तो क्लच. तो झिजला की घसरतो. मग इंजिन मोठमोठ्याने ओरडते, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. काका आमच्या शेजारी बसले. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये त्यांनी आम्हांला एकदम अॅक्सिलरेटर दाबावयास सांगितले. क्लच घसरत असता तर इंजिनाचा आवाज एकटाच वर उडाला असता. तसे झाले नाही. आवाज आणि वेग दोघेही सारखेच जडपणे, एकमेकांचा हात धरून चढले. क्लचही सुटला.

क्लचची ही परीक्षा चालू असता आम्हांस उगाच आमचे बालपण आठवले. आम्ही गोव्यातले, घरची भाषा कोकणी, शाळा मराठी. पहिलीत गुरुजींनी प्रश्न विचारला, “पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही राहतो, असा प्राणी कोणता?” आम्हांला उत्तर ठाऊक होते. आमच्या विहिरीवर तो रोज भेटे. पण आम्हांला तो ‘बेबो’ म्हणून ठाऊक होता. वर्गात बेबो म्हटले असते तर हशा झाला असता. म्हणून आम्ही मनातल्या मनात त्याचे मराठी नाव शोधू लागलो आणि ते सापडेपर्यंत पुढच्या बाकावरचा मुलगा “बेडूक!” म्हणून शाबासकी घेऊन खाली बसला. असे वर्षभर झाले. गुरुजींनी आमच्या वडिलांना सांगितले, “मुलगा शांत आहे, पण जरा मंद आहे.” गुरुजी मनाने चांगले होते. त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू येत नव्हता, चाक हलत नाही एवढेच दिसत होते. आतल्या आत आमचा क्लच घसरत होता, हे त्यांना कोण सांगणार? आणि आम्ही तरी कोणत्या भाषेत सांगणार?

असो. आता तिसरी परीक्षा राहिली. परत गॅरेजशी येताच सपाट जागी काकांनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, सर्व ब्रेक सोडले आणि आम्हांस ढकलावयास सांगितले. लहान मोटार सपाटीवर एका माणसाला ढकलता येते आणि ढकलणे थांबविले तरी ती हात-दोन हात पुढे जाते. आमची गाडी मोठ्या नाखुषीने हलली आणि आम्ही थांबताच खिळल्यासारखी उभी राहिली. काकांनी आमचा हात धरून तळवा मागच्या उजव्या चाकाजवळ नेला. चाक कोमट होते. मग डाव्या चाकाजवळ नेला. आम्ही हात झटकन मागे घेतला. तव्याजवळ लागते तशी धग येत होती!

गाडी जॅकवर चढली. उजवे चाक हाताच्या एका फटक्याने गरगर फिरले. डावे अर्धा फेरा घेऊन, खर्रर्र आवाज करून थांबले. चोर सापडला.

चाक काढून ब्रेकचा ड्रम उघडला. आत तांबूस भुकटी, आणि ब्रेक-शूचा पृष्ठभाग उष्णतेने काचेसारखा झालेला. घडले होते ते असे. हँडब्रेकचा दांडा ओढला की एका आवरणातून जाणारी पोलादी केबल ताणली जाते आणि ड्रमच्या आतील दोन शू बाहेर पसरून ड्रमला घट्ट धरतात. दांडा सोडला की स्प्रिंगने ते मागे येतात. पुराचे पाणी केबलच्या आवरणात शिरले आणि आत गंज बसला. त्यातच तीन आठवडे हँडब्रेक ओढलेला. केबल त्याच अवस्थेत जखडली. मग दांडा खाली जाई, समोरचा तांबडा दिवा विझे, आम्ही म्हणू ब्रेक सुटला. पण मागे, डोळ्याआड, एक चाक तसेच धरलेले राही. चालता चालता ते थोडे सैल होई, तो रात्री आम्ही पुन्हा नेमाने हँडब्रेक ओढून ते घट्ट करीत होतो. म्हणजे दीड महिना आमची बिचारी गाडी आपला संसार ओढीत होती आणि वर आमचा ब्रेकही ओढीत होती. तिला दुबळी म्हणावे की सबळ?

मोठ्या गॅरेजातील यंत्राला हा दोष दिसला नाही, यात त्या यंत्राचाही अपराध नव्हता. त्याच्या तारा इंजिनाकडे गेल्या होत्या. गंजलेली केबल त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. जे रकाने आहेत ते सारे भरले आणि सारे ठीक निघाले.

काकांनी नवी केबल टाकली, शू बदलले, ड्रम स्वच्छ केला. खर्च आम्ही आधी केलेल्या फुकट खर्चाइतकासुद्धा आला नाही. पैसे घेताना मात्र ते गंभीर झाले. ब्रेक असा तापत राहिला तर ऐन उतारावर तो नीट धरीत नाही, प्रसंगी चाकाशी आगही लागते, असे त्यांनी सांगितले. माचीचा उतार, मागच्या बाकावर झोपलेली मुले आणि तो करपल्याचा वास आम्हांस आठवला. घरी जाईपर्यंत आम्ही एक शब्दही बोललो नाही.

त्या रात्री आमच्या मनात दोन जुन्या गोष्टी घोळत होत्या. पहिली गोष्ट जर्मनीतील. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या मोटारीचे पेटंट घेतले; पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटर दूर, त्या मोटारीतून गेली. वाटेत पेट्रोलची नळी बुजली; तिने टोपीची पिन घालून ती मोकळी केली. चढावर गाडी ओढेना, तेव्हा मुलांनी खाली उतरून ढकलली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आणि घरी आल्यावर तिने गाडीला नावे ठेवली नाहीत. चढासाठी आणखी एक गिअर हवा, एवढे नेमके सांगितले. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच गाडी न ओढण्याचा दोषही भेटला आणि निदानही भेटले.

दुसरी गोष्ट आमच्या दाराशी, डभोईची. खंडेराव गायकवाड महाराजांच्या कारकीर्दीत १८६२ साली डभोई ते मियागाम अशी लहान रुळांची रेल्वे सुरू झाली. तिचे डबे बैल ओढीत असत! लवकरच वाफेची इंजिनेही आणली गेली. पण रूळ इतके हलके होते, की त्यांना इंजिनाचा भार सोसेना. रूळ भक्कम झाल्यावर १८७३ पासून तेथे इंजिने नियमाने धावू लागली. त्या काळी कोणी म्हटले असेल, काय हे राज्य, इंजिन असून बैल जुंपतात! पण इंजिन समर्थच होते. उणीव त्याच्या पायाखाली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही नववीच्या मुलांची प्रगतिपत्रके लिहावयास बसलो. एका मुलाच्या पत्रकावर पहिल्या सत्रात आम्हीच लिहिलेला शेरा होता : “आकलन मंद. प्रयत्न वाढवावेत.” दुसऱ्या सत्रासाठी आम्ही तोच शेरा लिहिणार होतो. लेखणी टेकली आणि काकांचा प्रश्न कानांत वाजला, क्यारथी?

आम्ही उठून कपाटातून त्याची मागील पत्रके काढली. सातवीत मुलगा चांगला होता. आठवीतही बरा होता. घसरण या वर्षीची. आम्ही तर त्याला मुळातच मंद ठरवून मोकळे झालो होतो! मधल्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन विचारले, “केव्हापासून असे होते रे?” तो खाली मान घालून उभा राहिला. त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आपण होऊन आला. गणपतीच्या सुमारास त्याच्या आजीला पक्षाघात झाला होता. वडील कारखान्यात रात्रपाळीला, आई पहाटे कामाला. रात्री आजीजवळ तोच झोपे. तिला पाणी देण्यास, कूस बदलविण्यास तीन-तीनदा उठे. सकाळी वर्गात बसे तेव्हा त्याचे डोळे उघडे असत, एवढेच. हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. का, असे विचारता म्हणाला, “सर, कोणी विचारले नाही.”

त्याच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत. नाव मात्र सांगत नाही. प्रगतिपत्रकात मराठीचा रकाना आहे, गणिताचा आहे, वर्तनाचासुद्धा आहे. रात्री किती वेळा उठावे लागते, याचा रकाना नाही.

मूल म्हणजे मोटार नव्हे, हे आम्ही जाणतो. केबल बदलता येते. आजी बदलता येत नाही, आणि बदलावी असे त्या मुलालाही वाटत नव्हते. आम्ही केले ते थोडेच. त्याच्या पालकांना भेटलो. आठवड्यातून तीन रात्री त्याचा मामा येऊ लागला. गृहपाठ घरी नेण्याऐवजी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात करण्याची मुभा त्याला मिळाली. वार्षिक परीक्षेत तो पहिला आला, असे गोष्टीत असते तसे काही झाले नाही. तो सर्व विषयांत उत्तीर्ण झाला, मराठीत बऱ्यापैकी गुण मिळाले आणि वर्गात तो पुन्हा प्रश्न विचारू लागला. चाक पूर्ण मोकळे झाले नाही. पण कोणते चाक धरले आहे, हे आता आम्हांस ठाऊक आहे. तो जेवढा पुढे येतो, तेवढा कोणत्या ओझ्यासह येतो, हेही ठाऊक आहे. आम्ही तो जुना शेरा खोडला. पत्रकावर खाडाखोड करू नये असा नियम आहे. तो त्या दिवशी मोडला.

ज्यांच्या घरी मोटार आहे, त्यांनी आमच्या अनुभवातून एवढे जरूर घ्यावे. गाडी ओढत नसेल तर लगेच इंजिनावर आळ घेऊ नये. आधी आठवावे, हे केव्हापासून आणि त्याआधी काय घडले. पेट्रोलचा हिशेब ठेवावा आणि तो वाचावा. स्वस्त आणि सोप्या गोष्टी प्रथम पाहाव्यात : टायरांतील हवा, एअर फिल्टर, सपाटीवर गाडी मोकळी ढकलली जाते की नाही. एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. लांबच्या फेरीनंतर चाकांच्या जवळ हात न्यावा, स्पर्श मात्र करू नये. पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त तापतात, म्हणून तुलना डाव्या-उजव्याची करावी. आणि पावसापाण्यात भिजलेली गाडी पुष्कळ दिवस उभी ठेवावयाची असेल, तर सपाट जागी ती गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. हँडब्रेक ओढून ठेवू नये.

परवा आम्ही पुन्हा माचीचा चढ चढलो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत वर गेली. ती जुनी ती जुनीच. चौथा धनी शोधण्याचा विचार मात्र आम्ही सोडून दिला आहे. तिच्या समोरच्या कप्प्यात पेट्रोलच्या हिशेबाची वही असते. तिच्या पहिल्या पानावर आम्ही काकांचा शब्द लिहून ठेवला आहे. तसाच तो, आमच्या प्रगतिपत्रकांच्या फाइलीवरही लिहिला आहे. नवीन येणारे शिक्षक विचारतात, हा गुजराती शब्द येथे कशासाठी? आम्ही त्यांना म्हणतो, “बसा. हकीकत जरा लांबची आहे. तिची सुरुवात एका करपल्याच्या वासाने होते.”